बाळाच्या टाचेतून रक्ताचा नमुना: ऑनलाइन प्रशिक्षण घेणाऱ्या नव्या सिस्टरांसाठी

वॉर्डात एक पत्र येतं. नवजात बालकांची रक्ततपासणी सुरू होत आहे, खालील लिंकवर प्रशिक्षण पूर्ण करावे, प्रमाणपत्राची प्रत कार्यालयास सादर करावी. लिंक उघडली की इंग्रजी व्हिडिओ सुरू होतो, नाईट करून आलेल्या डोळ्यांवर झापड असते, शेवटी काही प्रश्न येतात आणि प्रमाणपत्र मिळूनही जातं. मग एका सकाळी समोर अडीच किलोचं बाळ असतं, शेजारी त्याची आजी असते, हातात टाच टोचायचा लॅन्सेट असतो आणि व्हिडिओतलं काहीच आठवत नाही.

मी पी.एन.सी., म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. हे प्रशिक्षण मी घेतलं आहे आणि आता नव्या मुलींच्या शेजारी बसून त्यांच्याकडून ते करून घेते. लिंक उघडण्याच्या आधीपासून रिपोर्ट हातात येईपर्यंत कुठे काय अडतं, ते इथे क्रमाने सांगते. ए.एन.एम., जी.एन.एम., सी.एच.ओ., सगळ्यांना हे सारखंच लागू आहे.

१. आधी हे कशासाठी ते समजून घ्या

कोर्सचा पहिला भाग आजारांचा असतो आणि बहुतेक जणी तो पळवतात. पळवू नका. आजीला समजवायला नेमका तोच उपयोगी पडतो.

या तपासणीतली गोम अशी, की बाळ आजारी दिसत नाही. जन्मजात हायपोथायरॉइडिझमचं घ्या. थायरॉइड ग्रंथी नीट काम करत नाही, पण बाळ दूध पितं, झोपतं, फारसं रडत नाही. 'किती शांत आहे आमचं लेकरू' म्हणून घरात कौतुक चालतं. तेवढ्या काळात मेंदूच्या वाढीचं नुकसान होत असतं आणि ते नंतर भरून येत नाही. औषध म्हणजे लेव्होथायरॉक्सिनची साधी, स्वस्त गोळी. ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली, तर मूल इतरांसारखं वाढतं. आय.सी.एम.आर.ने देशातल्या पाच केंद्रांवर एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली, तेव्हा हा आजार साधारण ११३० बाळांत एकाला निघाला. तुमच्याकडे वर्षाला दोन-अडीच हजार बाळंतपणं होत असतील, तर त्यातली दोन बाळं धरून चाला.

दुसरा आजार सी.ए.एच., म्हणजे मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा. यात दुसऱ्या आठवड्याच्या आसपास शरीरातलं मीठ निघून जाऊन बाळ अचानक खालावतं. मुलीच्या जननेंद्रियात बदल दिसतो म्हणून जन्मतःच शंका येऊ शकते, मुलात तसं काही दिसत नाही. मुलगा 'उलट्या-जुलाबाने गेला' एवढीच नोंद होऊ शकते.

तिसरा जी-६-पी-डी, म्हणजे रक्तपेशींतल्या या एन्झाइमची कमतरता. एरवी बाळ ठणठणीत, पण काही औषधांनी आणि डांबराच्या गोळ्यांनी रक्तपेशी फुटतात. आपल्याकडे बाळाची दुपटी, झबली, थोरल्या भावंडाची जुनी कुंची, सगळं ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेलं असतं. म्हणून हा रिपोर्ट आला की पहिला प्रश्न कपड्यांचा विचारायचा.

विदर्भात, नंदुरबारकडे किंवा इतर आदिवासी पट्ट्यात काम करत असाल, तर सिकलसेलबद्दल एक लक्षात ठेवा. मोठ्यांसाठी आपण जी सोल्युबिलिटी टेस्ट करतो ती नवजाताला चालत नाही. त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे टेस्ट निगेटिव्ह येऊनही सिकलसेल असू शकतो. आपण फिल्टर पेपरच्या कार्डावर जे रक्ताचे थेंब घेतो, त्यातून लॅबमध्ये एच.पी.एल.सी.सारख्या तपासणीने तो कळतो. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली, तेव्हापासून हा प्रश्न वॉर्डात जास्त येतो.

किती आजार तपासायचे ते प्रत्येक कार्यक्रमात वेगळं असतं. गोव्यात २००८ पासून सरकारी पातळीवर लांबलचक यादी तपासायला सुरुवात झाली, इतर ठिकाणी दोन-तीनच आजार असतात. आपल्या पत्रात कोणते आहेत तेवढे पाठ करा. व्हिडिओतले पन्नास आजार पाठ करायची गरज नाही.

२. लॉगिन करण्याआधी हाताशी ठेवा

- नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक
- कायम कर्मचारी असाल तर सेवार्थ (पगाराचा) क्रमांक, एन.एच.एम.मध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियानात) कंत्राटी असाल तर नियुक्तिपत्र
- प्रशिक्षणाचं पत्र, जावक क्रमांकासह (कार्यालय नंतर हाच विचारतं)
- स्वतःचा ई-मेल आणि स्वतःचा मोबाइल

शेवटची ओळ मुद्दाम लिहिली आहे. वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर आधीच दुसऱ्या सिस्टरचं लॉगिन उघडं असतं, आपण त्यावरच कोर्स करतो आणि प्रमाणपत्र तिच्या नावाने निघतं. किंवा नवऱ्याचा नंबर दिलेला असतो, ओ.टी.पी. त्याच्या फोनवर जातो आणि तो त्या वेळी एस.टी.त असतो.

नावाचा घोळ याहून मोठा. कौन्सिलमध्ये माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पगारपत्रकात तिसरंच. प्रमाणपत्रावर कौन्सिलच्या नोंदणीप्रमाणेच नाव टाका. एकदा पी.डी.एफ. निघाल्यावर नाव बदलून घेणं म्हणजे कटकट. या कोर्सचे क्रेडिट अवर (नोंदणीच्या नूतनीकरणात धरले जाणारे तास) मिळतात का, तेही सुरू करण्यापूर्वीच विचारून ठेवा.

३. कोर्स कसा बघायचा

एका बैठकीत संपवायचा आग्रह नको, पण टोचण्याचा आणि थेंब घेण्याचा व्हिडिओ मात्र अखंड बघा, शक्यतो घरी, आवाज सुरू ठेवून. वॉर्डात मोबाइलवर अर्ध्या लक्षाने बघितलेलं उपयोगाला येत नाही. इंग्रजी जड जात असेल तर दोघी मिळून बघा.

व्हिडिओ परदेशातला असेल तर तीन ठिकाणी सावध राहा.

पहिलं ठिकाण वेळेचं. अमेरिकेत नमुना साधारण २४ ते ४८ तासांत घेतात. इंग्लंडमध्ये पाचव्या दिवशी घेतात आणि जन्माचा दिवस शून्य धरतात. आपल्याकडे काय पाळायचं ते आपल्या कार्यक्रमाचं पत्र ठरवतं. परीक्षेत व्हिडिओप्रमाणे उत्तर द्या, वॉर्डात पत्राप्रमाणे वागा.

दुसरं साहित्याचं. व्हिडिओत बटण दाबलं की आपोआप चिरा देणारा, नवजातांसाठीचा लॅन्सेट असतो. आपल्या ट्रेमध्ये कधी मोठ्यांच्या साखरतपासणीचा लॅन्सेट असतो, कधी २६ नंबरची सुई. सुई किती खोल जाते त्यावर आपला ताबा राहत नाही, म्हणून ती नकोच. इन्चार्जकडून नवजातांसाठीचेच लॅन्सेट मागवून घ्या, इंडेंटमध्ये तसं स्पष्ट लिहा.

तिसरं शब्दांचं. 'गथ्री कार्ड' असा उल्लेख येतो. रॉबर्ट गथ्री या अमेरिकी डॉक्टरांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फिल्टर पेपरवर रक्त घ्यायची ही पद्धत रूढ केली, म्हणून ते नाव. वेगळं काही नाही, आपलं नेहमीचंच कार्ड.

४. नमुना कधी घ्यायचा

जन्मानंतर अर्ध्या तासात बाळाचा टी.एस.एच. (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, हायपोथायरॉइडिझमसाठी हेच मोजतात) एकदम वर जातो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत उतरतो. त्या चढत्या काळात रक्त घेतलं तर चांगल्या बाळाचाही रिपोर्ट वाढलेला येतो, मग रिपीट, मग घरात रडारड. चयापचयाच्या काही आजारांसाठी तर बाळाच्या पोटात दूध जाऊन काही काळ व्हावा लागतो. म्हणून पत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर ४८ ते ७२ तास ही आपली वेळ. काही ठिकाणी टी.एस.एच.साठी नाळेचं रक्त घेतात. ती पद्धत चालते, पण सी.ए.एच.सारखे आजार त्यातून तपासता येत नाहीत, तेव्हा दोन्हींची सरमिसळ करू नका.

तास घड्याळाने मोजा, तारखेने नाही. तीन तारखेला रात्री पावणेबाराला जन्मलेलं बाळ पाच तारखेच्या सकाळी 'दोन दिवसांचं' वाटतं. तास मोजले तर ३३-३४ भरतात.

नॉर्मल डिलिव्हरीनंतर तीन दिवस राहायचं असतं, त्यामुळे कागदावर सगळं जुळतं. प्रत्यक्षात पाचवी घरी पुजायची असते, गाडी सांगून ठेवलेली असते आणि दुसऱ्याच दिवशी डिस्चार्जसाठी गळ घालतात. थांबवता आलं तर थांबवा. नाहीच थांबले तर २४ तास उलटलेले असताना नमुना घ्या, कार्डावर वय तासांत ठळक लिहा आणि पुन्हा कधी यायचं ते डिस्चार्ज कार्डावर लिहून द्या. 'नंतर घेऊन या, मग बघू' म्हणून रिकामं सोडू नका. सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडणार नाहीत, हे गृहीत धरूनच ठरवा.

एस.एन.सी.यू.चे, म्हणजे आजारी नवजातांच्या विशेष कक्षाचे नियम थोडे वेगळे. रक्त चढवायचं असेल तर बाळ कितीही तासांचं असो, नमुना आधी. चढवलेल्या रक्तात दात्याचं हिमोग्लोबिन आणि दात्याची एन्झाइम्स असतात, त्यामुळे सिकलसेल आणि जी-६-पी-डी दोन्ही निकाल बिघडतात. कमी दिवसांच्या (मुदतीआधी जन्मलेल्या), कमी वजनाच्या बाळाचा दोन आठवड्यांच्या सुमारास दुसरा नमुना लागतो. शिरेतून पोषण चालू असेल, किंवा त्वचेला पोव्हिडोन आयोडीन बरंच लागलेलं असेल, तर तेही कार्डावर लिहा. आयोडीनने नवजाताचा टी.एस.एच. वर जाऊ शकतो.

आणि बाळ दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं की त्यांना वाटतं 'तिकडे घेतलं असेल', आपण समजतो 'ते घेतील'. रेफर चिठ्ठीवर एक ओळ लिहा: नमुना घेतला, किंवा नमुना घेतलेला नाही.

५. कार्ड आधी भरा, मग टोचा

टोचल्यावर बाळ रडत असतं, हाताला ग्लोव्हज असतात, अक्षर वाकडं येतं. म्हणून टोचण्याआधी कार्ड पूर्ण भरा, बॉलपेनने. कार्डावर थेंबांसाठी गोल छापलेत तिथे बोट लावायचं नाही, ग्लोव्हज घातलेलंही नाही. पावडर, स्पिरिट, हाताचं क्रीम, काहीही लागलं तरी पेपर खराब. कार्डाची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा.

बाळाला नाव नसतं, त्यामुळे आईचं नाव पूर्ण हवं. 'बेबी ऑफ सुनीता' एवढ्यावर भागत नाही, एका वॉर्डात तीन सुनीता निघतात. मनगटावरच्या टॅगशी आणि केसपेपरच्या नंबराशी ताडून बघा. जुळी असतील तर पहिलं, दुसरं असं दोन्ही कार्डांवर लिहा आणि एकाचं पूर्ण आटोपल्याशिवाय दुसऱ्याचं कार्ड उघडू नका.

फोन नंबर हा कार्डावरचा सगळ्यात महत्त्वाचा रकाना, असं माझं मत आहे. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते. केसपेपरवर नवऱ्याचा नंबर असतो, नवरा पुण्यात नोकरीला, बाळ माहेरी चंदगडला. रिपोर्ट आला की फोन कुणाला करणार? म्हणून दोन नंबर घ्या: नवऱ्याचा एक, आणि पुढचा महिनाभर बाळ जिथे असेल तिथला एक. नंबर लिहून झाला की तिथल्या तिथे मिस्ड कॉल द्या. पत्ताही माहेरचा लिहा, गावाबरोबर तिथल्या आशाताईचं नाव लिहिलं तर फारच उत्तम.

६. ट्रे

नवजाताचा लॅन्सेट, ७० टक्के अल्कोहोलचे स्वॅब, निर्जंतुक कोरडं गॉझ, ग्लोव्हज, कोमट पाण्यात भिजवून पिळलेला मऊ कपडा, कार्ड आणि सुकवण्याची जाळी. शार्प्ससाठी न फुटणारा पांढरा डबा हाताच्या अंतरावर हवा. वापरलेले ग्लोव्हज लाल पिशवीत, रक्ताचं गॉझ पिवळ्या पिशवीत.

७. टोचणं आणि थेंब घेणं

आईला आधी सांगा. आजीला त्याहून आधी सांगा, कारण प्रश्न तीच विचारते.

"एवढ्याशा जिवाला कशाला टोचताय सिस्टर? आमच्या वेळी नव्हतं असलं काही."

"आजी, बाळ चांगलं दिसतंय, चांगलंच असेल. पण एक-दोन आजार असे आहेत की दिसायला लागेपर्यंत उशीर होतो. आज टाचेचे चार थेंब घेतले तर वेळेत गोळी सुरू करता येते."

एवढं पुरतं. आजारांची यादी वाचत बसलात तर घाबरतात. तरीही नको म्हणाले तर डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर नोंद करा.

बाळाला आईच्या छातीशी, अंगावर पाजत असताना टोचलं तर ते कमी रडतं. आईला थोडं टेकून बसवा, म्हणजे बाळाचा पाय त्याच्या छातीच्या पातळीपेक्षा खाली येतो आणि रक्त चांगलं उतरतं. कोमट कपडा टाचेला तीन ते पाच मिनिटं धरा. कपडा ४२ अंशांपेक्षा गरम नको, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. थंडीच्या दिवसांत ही पायरी गाळलीत तर पुढची दहा मिनिटं टाच पिळत बसावं लागेल, आणि पिळणंच सगळं बिघडवतं.

जागा अशी ठरवा. अंगठ्याच्या मधोमध सुरू होणारी एक रेघ आणि चौथ्या व पाचव्या बोटाच्या फटीतून निघणारी दुसरी रेघ, दोन्ही सरळ टाचेपर्यंत आल्या आहेत असं मनात धरा. या दोन रेघांच्या बाहेरचा तळव्याचा भाग, म्हणजे टाचेच्या दोन्ही कडा, एवढीच जागा आपली. टाचेच्या मागच्या गोलाईवर टोचायचं नाही, तिथे हाड अगदी वर असतं. पावलाच्या मधल्या खोलगट भागात नाही. आधी टोचलेल्या जागीही नाही. खोली २ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, कमी दिवसांच्या बाळाला त्याहून कमी.

स्वॅबने पुसा आणि वाळू द्या. फुंकर मारायची नाही, गॉझने पुसायचं नाही, नुसतं थांबायचं. ओल्या स्पिरिटमध्ये रक्त मिसळलं की थेंब पसरतो आणि कार्डावर फिकट कड्यांची वर्तुळं उमटतात.

टोचल्यावर पहिला थेंब कोरड्या गॉझने टिपून टाका. मग आपल्या अंगठ्याने टाच हलकेच दाबा आणि पूर्ण सोडा. पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. सोडलं की रक्त भरतं, सतत आवळून धरलं की येणारं रक्तही थांबतं आणि ऊतींमधलं पाणी मिसळतं. थेंब मोहरीएवढा असताना कार्ड लावायचा मोह होतो. लावू नका. तो तुरीच्या दाण्याएवढा होऊन टाचेला लोंबायला लागला की कार्ड वर आणून फक्त थेंबाला टेकवा, कातडीला नाही. पेपर रक्त ओढून घेतो, लाल रंग गोलाच्या कडेपर्यंत सरकताना दिसतो. मग कार्ड उलटं करून मागची बाजू बघा. मागेही तितकाच मोठा, तितकाच गडद डाग हवा. मागे पांढरं राहिलं असेल तर तो गोल गेला. मागच्या बाजूने वेगळा थेंब लावून तो 'भरून काढायचा' नाही.

एवढा काटेकोरपणा का? लॅबमध्ये त्या डागातून साधारण ३ मिलिमीटरच्या चकत्या पाडतात आणि एका चकतीत ठराविक रक्त आहे असं धरून मोजतात. थेंबावर थेंब चढवला तर चकतीत रक्त जास्त, रिपोर्ट खोटा वाढलेला. अर्धवट भिजलं तर रक्त कमी, म्हणजे आजारी बाळाचाही आकडा खाली येऊन ते निसटू शकतं. हे दुसरं जास्त वाईट, कारण त्याचा फोन कुणालाच येत नाही.

चार गोल भरायच्या आधीच रक्त थांबलं, तर तीन नीट भरलेले गोल चार कुरतडलेल्या गोलांपेक्षा बरे. किती चालतात ते लॅबला विचारून ठेवा. पुन्हा टोचावं लागलं तर दुसरी टाच, नवा लॅन्सेट. लॅबसाठी काढलेल्या ई.डी.टी.ए. (रक्त गोठू न देणारं रसायन) बल्बमधलं उरलेलं रक्त कार्डावर टाकणं हा शॉर्टकट कुणी सुचवला तर ऐकू नका. त्यातल्या रसायनाने तपासणीचे आकडे बिघडतात.

शेवटी पाय वर धरून गॉझने दाबून ठेवा, रक्त थांबलं की झालं.

८. सुकवणं

कोर्समध्ये ही पायरी दोन वाक्यांत येते, आणि आपल्याकडची बरीच कार्डं इथेच बाद होतात.

कार्ड आडवं, सपाट, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं जाळीवर ठेवा. किमान तीन तास, सावलीत. उन्हात नको, ट्यूबलाइटखाली तापणाऱ्या जागी नको, रेडियंट वॉर्मरच्या पट्टीवर तर अजिबात नको. तिथे चटकन सुकतं म्हणून हटकून ठेवलेलं दिसतं. उष्णतेने आणि दमटपणाने जी-६-पी-डीसारखी एन्झाइम्स मरतात, मग चांगल्या बाळाचा रिपोर्ट 'कमतरता आहे' असा येतो. ओली कार्डं एकावर एक ठेवायची नाहीत, एका बाळाचं रक्त दुसऱ्याच्या पेपरला लागतं.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, तीन तासांत कार्ड सुकत नाही. रक्त चमकदार लाल दिसत असेल तर ते ओलं आहे. सुकलेला डाग तपकिरीकडे झुकतो आणि चकाकत नाही. ए.सी. असलेली खोली मिळाली तर ती घ्या. पंखा दूरचा चालेल, थेट झोत नको. मांजर, मुंग्या, डास यांचा बंदोबस्त करा. हे वाचून हसू येईल, पण मुंग्यांनी खाल्लेलं कार्ड लॅब घेत नाही.

९. पाठवणं

पूर्ण सुकलं की कागदी पाकिटात, आणि लॅबने दिलेलं असेल तर ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत. ओलसर कार्ड प्लॅस्टिकमध्ये कोंडायचं नाही. सुकल्यापासून २४ तासांच्या आत निघायला हवं. 'दहा कार्डं जमली की एकदम पाठवू' हा हिशेब कुरिअरच्या पैशांचा आहे, आणि त्यात सी.ए.एच.च्या बाळाचा दुसरा आठवडा उजाडतो. शनिवार, रविवार आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत पाकीट कोण नेणार, ते आधीच ठरवून ड्यूटी लिस्टखाली लिहून ठेवा.

१०. प्रमाणपत्रानंतरची परीक्षा

ऑनलाइन प्रमाणपत्रावर एकट्याने टोचायला सुरुवात करू नका. तुमच्या पत्रात प्रत्यक्ष मूल्यमापनाचा तक्ता जोडलेला असेल तर तो आधी छापून घ्या, नसेल तर इन्चार्जना सांगून स्वतःच एक तयार करा: जागा, ऊब, पहिला थेंब पुसणं, मागची बाजू बघणं, सुकवणं. अनुभवी सिस्टर शेजारी उभी असताना नमुने घ्या आणि तिची सही घ्या. थेंबाचा अंदाज मात्र बाळाशिवायही शिकता येतो. मुदत संपलेली कार्डं फेकू नका, त्यावर ड्रॉपरने रंगीत पाण्याचे थेंब टाकून बघा. किती मोठा थेंब गोल भरतो ते डोळ्यांत बसतं.

लॅबने नाकारलेलं कार्ड परत आलं की कारणाचा कागद फायलीत पुरून टाकू नका. भिंतीवर लावा, नाव झाकून. कुणाचं होतं ते शोधण्यापेक्षा काय झालं ते सगळ्यांना दिसलेलं बरं.

११. रिपोर्ट

रजिस्टरला पाच रकाने हवेत: नमुना घेतला, पाठवला, लॅबला पोहोचला, रिपोर्ट आला, घरी कळवलं. शेवटचे तीन बऱ्याच ठिकाणी नसतातच.

रिपोर्ट वाढलेला आला म्हणजे आजार ठरला असं नाही. ही चाळणी आहे, पक्कं निदान शिरेतल्या रक्तावर होतं. पण वेळही दवडायची नाही. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा आणि त्याच दिवशी फोन करा. फोनवर आजाराचं नाव सांगून मोकळं होऊ नका, ती आई रात्रभर मोबाइलवर वाचत बसेल. मी साधारण असं बोलते: "ताई, बाळाच्या टाचेच्या रक्तात एक आकडा जास्त आलाय. कधी कधी असं येतं. खात्री करायला हातातून थोडं रक्त घ्यायचंय. उद्या सकाळी बाळाला घेऊन या, केसपेपरच्या रांगेत थांबू नका, सरळ आमच्या वॉर्डात या. दूध पाजणं नेहमीसारखं चालू ठेवा." मग विचारते, बाळ पितंय का, उलट्या होताहेत का, सुस्त वाटतंय का. यातल्या एकाचंही उत्तर काळजीचं वाटलं तर उद्या नाही, लगेच निघायला सांगायचं.

फोन लागला नाही तर दुसरा नंबर, तोही नाही तर गावच्या उपकेंद्राला आणि आशाताईला. तिलाही निरोप नुसता 'बोलावलंय' असा नको, कशासाठी आणि किती तातडीचं ते सांगा.

दर सोमवारी रजिस्टर उघडून कोरे रकाने शोधा. लॅबने रिपोर्टसाठी जेवढे दिवस सांगितले आहेत ते उलटूनही जिथे काही लिहिलेलं नाही, त्या ओळीचा कार्ड नंबर घेऊन लॅबला फोन लावा.